पाठमोरा ओटा

हिंगोलीतलं घर आम्ही विकत घेतलं तेव्हा त्यात एकामागं एक अशा तीन खोल्या होत्या. पुढची बैठकीची, तिला रस्त्याकडं दार आणि दोन खिडक्या. मधली अंधारी, तिच्यात ज्वारीच्या कोठ्या, गाद्यांची चळत आणि पुढं लेक शाळेत जायला लागल्यावर तिचं टेबल. सगळ्यात मागं स्वयंपाकघर. पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब होता, स्वयंपाकघरावर नुसते पत्रे. त्याच्यामागं परस, परसात एक कडुनिंब. नव्वद सालानंतरची ती पहिली-पहिली वर्षं. हळदीच्या दिवसांत बाजाराकडं जाणाऱ्या गाड्यांची पिवळी धूळ आमच्या पुढच्या खिडक्यांच्या गजांवर बसायची आणि मला रोज ओलं फडकं फिरवावं लागायचं.

तिन्हींपैकी मला मागची खोली जास्त आवडायची. कुणाला सांगितलं तर खरं वाटलं नसतं, कारण चैत्र लागला की पत्र्याखाली ती भट्टी व्हायची. पण मी टपाल कचेरीत खिडकीवर बसायचे. सकाळपासून समोर माणसं. मनिऑर्डरची वाट बघणारी, पत्ता दुसऱ्याकडून लिहून घेणारी, रांग मोडून पुढं हात घालणारी. त्यांच्याशी बोलून बोलून संध्याकाळी माझी गालफडं दुखायची. घरी आल्यावर मी स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायचे आणि ओट्याशी उभी राहून खिडकीतून कडुनिंबाकडं बघत कणीक मळायचे. अर्धापाऊण तास माझ्या तोंडाकडं कुणी बघत नाही, एवढंच सुख. पण ते फार मोठं वाटायचं.

दार ओढून घ्यायला आणखी एक कारण होतं. ते म्हणजे मामंजी, माझे सासरे.

मामंजी डोंगरकडा गावाकडचे. आयुष्य शेळ्या-मेंढ्यांमागं गेलेलं. थोडी कोरडवाहू जमीन होती, पण खरा जीव कळपात. सुगी झाली की कळप घेऊन गावोगावच्या रानांत मुक्काम करायचा आणि पावसाळ्याच्या तोंडाला घरी परतायचं, अशी त्यांची वर्षं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या. पुढं मामंजींच्या गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी कळप पुतण्यांच्या हवाली केला आणि ते आमच्याकडं राहायला आले. उंच, सडसडीत माणूस. डोक्यावर कायम पागोटं. आवाज एका माळावरून दुसऱ्या माळावर जाईल असा. पुढच्या खोलीत ते हळू बोलले तरी मागच्या खोलीत डब्यांची झाकणं वाजतात, असं माझी लेक म्हणायची.

पण हा एवढा आवाजाचा माणूस स्वयंपाकघराच्या बाजूला फिरकायचा नाही. मधल्या खोलीत यायचं असलं तरी आधी खाकरायचे, मग मी पदर डोक्यावर घ्यायचे. माझं माहेर हट्टा गावचं, शेतीवाडीचं. तिथंही माझे वडील स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नसत, त्यामुळं मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. मामंजींचा चहा लेक नेऊन द्यायची. ती शाळेत असली की मी कपबशी मधल्या दाराच्या उंबऱ्यावर ठेवून बांगड्या वाजवायचे, आणि मी आत गेले याची खात्री झाल्यावर ते येऊन कप उचलायचे. एका छपराखाली इतकी वर्षं काढली, पण आमच्यात 'जेवायला या', 'गोळी घेतली का' याच्यापलीकडं बोलणं झालेलं मला आठवत नाही. भांडण नव्हतं, राग नव्हता. एक भिंत होती आणि ती दोघांनाही सोयीची होती.

हिंगोली जिल्ह्याचं ठिकाण झाल्यावर गावात नव्या कचेऱ्या आल्या, नवे साहेब आले, नवी घरं उठली. आमचे हे पाटबंधारे खात्यात अनुरेखक होते. इंजिनिअरांनी आखलेले कालवे आणि पाटचाऱ्या पारदर्शक कागदावर शाईनं उतरवायच्या, हे त्यांचं काम. हात फार स्वच्छ. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रेघा गिरवलेल्या माणसाला एकदा औरंगाबादला प्रशिक्षणाला पाठवलं, आणि तिथं ते एका साहेबांच्या फ्लॅटमध्ये चहाला गेले. परत आले ते बॅग खाली ठेवायच्या आधीच बोलायला लागले.

"अगं, दार उघडलं की सगळं घर एकदम दिसतं. इकडं सोफा, मधी जेवायचं टेबल, तिकडं ओटा. मधी भिंतच न्हाई! साहेबाची बायको तिकडं पोहे करून राहिली आन् आमच्याशी बोलूनबी राहिली."

"तुमी सोफ्यावर बसून राहिले," मी म्हणाले, "आन् ती पोहेबी करून राहिली आन् बोलूनबी राहिली. म्हंजे तिला दोन कामं."

यांना ते ऐकू गेलं नाही. त्याच आठवड्यात त्यांनी घरचा नकाशा काढायला घेतला. तिन्ही खोल्यांच्या मधल्या दोन्ही भिंती काढायच्या, मागच्या भागावर स्लॅब टाकायचा, आणि पुढच्या दारापासून परसापर्यंत एकच मोठी जागा. लेकीला आणि सामानाला वर जिना काढून एक खोली. नकाशा इतका देखणा होता की त्यात सोफ्याच्या गाद्यांना शिलाईसुद्धा दाखवली होती.

मी एकेक अडचण काढली. फोडणीचा खाट, तो ठसका आणणारा धूर, घरभर होईल. हे म्हणाले, धूर बाहेर फेकणारा पंखा लावू. आलेल्या माणसाला खरकटी भांडी दिसतील. म्हणाले, मोरी परसात काढू. पोळ्या करताना माझा अवतार काय असतो ते तुम्हाला माहीत नाही. म्हणाले, मला माहीत आहे आणि मला चालतो.

"तुला काहून नको, ते एकदा नीट सांग," शेवटी ते म्हणाले.

नीट मला सांगता येईना. भिंत गेली तर मामंजी दिवसभर समोर. म्हणजे दिवसभर डोक्यावर पदर. दोन्ही हात पिठात, तव्यावर भाकरी, आणि पदर घसरला की दातात धरायचा. हे त्यांच्याच मुलाला कसं सांगायचं? तुमच्या वडिलांचं ओझं होतंय असाच अर्थ निघाला असता, आणि तो खरा नव्हता. मी म्हणाले, "मला कागदावरचं काही कळत न्हाई."

तर यांनी ते मनावर घेतलं. पुढच्या रविवारी शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर चुन्याची फक्की टाकून त्यांनी अख्खं घर खऱ्या मापात जमिनीवर आखलं. दार कुठं, खिडकी कुठं, ओटा, टेबल, सोफा. रस्त्यानं जाणारे थांबून विचारत होते, पाया कुणाचा म्हणून. हे मोठ्या उत्साहानं सगळ्यांना सांगत होते की पाया नाही, नकाशा आहे. मग त्यांनी खरी खुर्ची आणून सोफ्याच्या जागी ठेवली आणि मामंजींना तिच्यावर बसवलं. लेक टेबलाच्या चौकोनाशी मांडी घालून बसली. मला ओट्याच्या रेघेमागं उभं केलं.

"आता बघ," हे म्हणाले. "तू इथून सगळ्यांकडं तोंड करून. बोलत बोलत स्वयंपाक."

मी बघितलं. समोर नवरा, लेक, आणि खुर्चीवर मामंजी. रस्त्यावर थांबलेले दोन शेजारी. मला एकदम माझी टपालाची खिडकी आठवली. मी त्या रेघेमागं गिरकी घेतली आणि परसाकडं तोंड केलं.

"अगं, इकडं तोंड कर की."

"मला पाठ करूनच उभं राहायचंय," मी म्हणाले. "दिवसभर माणसांकडं तोंड करूनच बसते मी."

"मग भिंत पाडायची तरी काहून?"

"मी कुठं म्हणाले पाडा?"

तेवढ्यात मामंजी बोलले. खुर्चीवर बसल्या बसल्या, आमच्याकडं न बघता, रस्त्याकडं बघत. "राहू दे रे भिंत. बाईमाणसाला आडोसा लागतो. म्या असा दिवसभर समोर बसणार, तिनं पदर सांभाळावा का भाकर थापावी? माझी तकलीफ तिला कशाला."

जे मी नवऱ्याला सांगू शकत नव्हते ते त्यांनी भर रस्त्यावर, शेजाऱ्यांदेखत, एका दमात सांगून टाकलं होतं. हे फक्कीचा डबा हातात घेऊन तसेच उभे. मग कुणाच्या तरी चार शेळ्या आमच्या बैठकीतून चालत जेवणाच्या टेबलावर आल्या, मामंजी "हुर्र" करत उठले, आणि त्यांना हाकलण्याच्या निमित्तानं सगळे तिथून हलले.

भिंत ठेवायची असं ठरलं. फक्त मागचे पत्रे काढून स्लॅब टाकायचा आणि जिना काढायचा. यांनी तो नकाशा गुंडाळी करून कपाटावर ठेवला.

दिवाळीनंतर काम सुरू झालं. पत्रे निघाले, स्वयंपाकघरात विटा आणि वाळू आली, आणि माझा संसार परसात कडुनिंबाखाली गेला. गॅसची शेगडी बाहेर ठेवली तर वाऱ्यानं ज्योत टिकेना. मग तीन विटांची चूल मांडली. हवा छान होती, गुलाबी थंडी पडायला लागलेली. पण पहिले दिवस अवघड गेले. तिथं उंबराच नव्हता, कप कुठं ठेवणार आणि बांगड्या कुणासाठी वाजवणार? मामंजींची बाज निंबाखाली टाकलेली, चुलीपासून चार हातांवर. ते मुद्दाम कुंपणाकडं तोंड करून बसायचे. मी पदर दातात धरून फुंकणीनं फुंकायचे, आणि धूर माझ्याच डोळ्यांत.

तिसऱ्या-चौथ्या संध्याकाळी ते कुंपणाकडं बघतच म्हणाले, "माय, चुलीचं तोंड वाऱ्याकडं हाय."

"व्हय," मी म्हणाले.

"फिरवून घे. न्हाईतं उद्यापस्तोर फुकत बसशील."

मी विटा फिरवल्या. जाळ सरळ धरला. आमच्यातलं जेवण आणि औषध सोडून झालेलं बहुधा ते पहिलं बोलणं.

मग एक दिवस कचेरीत हिशेब जुळेना आणि मला निघायला उशीर झाला. हे कामाच्या पाहणीसाठी साहेबांबरोबर वसमतकडं गेलेले. लेक भुकेली असणार म्हणून मी बाजारातून हातात येईल ती भाजी घेतली आणि झपाझप घरी आले. फाटकापाशीच भाकरीचा वास आला. मला वाटलं शेजारणीनं केली असेल. आत येऊन बघते तर चुलीपुढं मामंजी. एक गुडघा वर, एक पाय पसरलेला, पायांमध्ये परात. पागोटं काढून बाजेवर ठेवलेलं. इतक्या वर्षांत मी त्यांचं डोकं प्रथमच बघत होते, अगदी पांढरं आणि आखूड कापलेलं. दोन्ही हातांत भाकरी फिरत होती. ते परातीवर थापत नव्हते, हवेतच या हातातून त्या हातात टाकत वाढवत होते. लेक समोर बसून हातावरच्या भाकरीवर तेल-मीठ लावून खात होती.

मला बघून ते दचकले. उठायला गेले, पण गुडघा उठू देईना. पागोट्याकडं हात गेला, तर हाताला पीठ. इकडं मी पदर घ्यायला हात उचलला, तर एका हातात पिशवी आणि दुसऱ्यात मेथीची जुडी. दोघंही तसेच अडकलो.

"बसा मामंजी," माझ्या तोंडून गेलं. "तव्यावरची करपंल."

ते बसले. भाकरी उलटली. "लेकराला भूक लागली व्हती," ते म्हणाले, जसं काही मी त्यांना चोरी करताना पकडलं होतं. "तुलाबी उशीर झाला. म्हणलं, दोन टाकाव्या."

मी पिशवी ठेवली, हात धुतले आणि चुलीच्या दुसऱ्या बाजूला बसले. त्यांनी हुलग्याचं माडगंही केलं होतं, घट्ट, वर लसणाची फोडणी. भाकरी जाड होत्या, कडा वाकड्यातिकड्या. एकीला राख लागलेली. मी दोन खाल्ल्या. दिवसभराची दमणूक, थंडी, आणि गरम माडगं. कुणीतरी करून वाढलंय आणि आपण नुसतं खायचंय, असं माहेर सोडल्यापासून मला क्वचितच मिळालं होतं.

"तुमाला येतं, हे मला माहीतच न्हाई," मी म्हणाले.

"न येऊन कसं चालंल?" ते म्हणाले. "कळपामागं असलं की ज्याचे हात मोकळे त्यानं चुलीपुढं बसायचं. तुझी सासू मेंढरं वळायला गेली की म्या भाकरी करायचो, म्या गेलो की ती. पाऊस आला की दोघांनी घोंगडी धरायची, एकानं चुलीवर, एकानं कोकरावर. ती म्हणायची, तुमच्या भाकरीनं मेंढराला हाणता येईल." ते हसले. सासूबाईंबद्दल ते बोलताना मी प्रथमच ऐकत होते.

"मग घरात इतकी वर्षं कधी..."

"घर तुझं, चूल तुझी," ते म्हणाले. "तू आत असताना म्या कसा येऊ?"

त्यांनी ते तक्रार म्हणून सांगितलं नाही. पाण्याला उतार कुठं आहे हे सांगावं तसं सांगितलं. मग लेकीनं तिसरी भाकरी मागितली आणि विषय संपला.

त्यानंतर परसातले ते दिवस फार मजेत गेले. मी कचेरीतून यायचे तोवर मामंजी चूल पेटवून ठेवायचे. मी भाजी टाकायची, त्यांनी भाकरी. माझा पदर मी सवयीनं घ्यायचे, तर एके दिवशी ते सरळ म्हणाले, "माय, जाळापाशी तो पदर डोक्यावर घेऊन बसत जाऊ नको. पेटंल. मला काही वाटत न्हाई आन् बघायला दुसरं कोणी न्हाई." मी पदर कमरेला खोचला. लग्नापासून मनात धरलेली एवढी मोठी गोष्ट चूल सारवण्याइतक्या सहज निकालात निघाली. हे बाजेवर बसून आमच्याकडं टकामका बघत असायचे. त्यांना काय झालं ते नीट कळलं नव्हतं, पण जेवण वेळेवर मिळत होतं.

स्लॅब पडला. पाणी मारून झालं. मिस्त्रींनी आतून गिलावा करायला घेतला. आता आठवड्या-दोन आठवड्यांत मी पुन्हा आत जाणार, दार लावणार, आणि मामंजी पुन्हा पुढच्या खोलीत जाऊन बसणार, हे मला एका सकाळी दात घासताना दिसलं. मी तशीच यांच्यापुढं गेले.

"ती भिंत पाडा."

"कोणती?"

"दोन्हीबी. तुमच्या नकाशातल्या."

यांनी स्टुलावर चढून कपाटावरची गुंडाळी काढली.

मिस्त्री मात्र कळवळले. "ताई, कालच गिलावा केला की हो त्या भिंतीला!"

त्या संध्याकाळी आम्ही चौघं चुलीभोवती तो नकाशा पसरून बसलो. चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. मी सांगितलं, ओटा मागच्या भिंतीला, खिडकीखाली, आहे तिथंच. माझी पाठ सगळ्यांकडं राहील. ज्यांना बोलायचं त्यांनी बोलावं, मी ऐकेन. यांनी जरा कुरकुर केली, साहेबांच्या घरी तसं नव्हतं म्हणून, पण खोडरबर घेतला. लेक म्हणाली, टेबल खिडकीशी हवं. मामंजींना विचारलं तर म्हणाले, "मला काय, कुठंबी बसतो."

"कुठंबी न्हाई," मी म्हणाले. "तुमाला उभं राहून भाकरी जमत न्हाई. ओट्याला लागून खाली एक बैठा ओटा पायजे. वीतभर उंच. त्याच्यावर एक वेगळी शेगडी."

"घरात? बैठकीतून दिसंल ते," हे म्हणाले.

"दिसू द्या."

एक घोळ झालाच. यांच्या कचेरीतल्या इंजिनिअरनं येऊन सांगितलं की मधली भिंत काढली तर वरच्या जुन्या स्लॅबला तुळई पुरणार नाही, मधोमध एक खांब लागेल. हे फार हिरमुसले. त्यांच्या देखण्या मोकळ्या जागेत बरोबर मध्ये खांब! तो बाजूला सरकवता येईल का म्हणून त्यांनी किती कागद खराब केले. शेवटी खांब उभा राहिलाच, आणि जागा तयार झाल्यावर मामंजी पहिल्याच दिवशी जाऊन त्याला पाठ टेकून बसले. गुडघे दुखणाऱ्या माणसाला टेकायला काहीतरी लागतंच. मग बैठा ओटा आम्ही खांबापर्यंत आणला. हे म्हणायला लागले की खांब त्यांनी मुद्दामच घेतलाय.

सगळं गोड झालं असं नाही. पहिल्यांदा मी नव्या जागेत मिरच्या भाजल्या तेव्हा हे सोफ्यावर शिंकून शिंकून बेजार झाले, लेक रस्त्यावर पळाली, आणि धूर ओढणारा पंखा लोडशेडिंगमुळं बंद. सोफ्याच्या गाद्यांना आठवडाभर खाट मारत होता. तेव्हापासून ठेचा परसातच. घरी कुणी अचानक आलं की ओट्यावरची भांडी झाकायला मी ताट शोधत धावायचे. पुढं पुढं तेही सोडून दिलं. सहा खुर्च्यांच्या टेबलावर आम्ही तिघं जेवायचो, मामंजी खाली आपल्या जागी. तीन खुर्च्यांवर कायम काहीतरी ठेवलेलं असायचं, इस्त्रीचे कपडे नाहीतर निवडायची भाजी.

पण आता पुढच्या दारातून शिरलेला वारा परसातून बाहेर जायचा. मधला अंधार गेला. कचेरीतून आल्यावर मी ओट्याशी उभी राहायचे, कडुनिंबाकडं तोंड करून, तशीच गप्प. मागं मामंजी भाकरी करता करता नातीला काहीतरी सांगत असायचे. कुठल्या रानात कुत्र्यानं लांडग्याला कसं अडवलं, कुठल्या गावच्या पाटलानं मुक्कामाला कसं शेत दिलं. मला उत्तर द्यायचं नसायचं, चेहरा हसरा ठेवायचा नसायचा. नुसतं ऐकायचं. मी पाठमोरी होते म्हणूनच ते इतके मोकळे बोलत असतील, असं मला अजून वाटतं. मध्येच कधी मी मागं न वळता विचारायचे, "मग पुढं?" आणि तो मोठा आवाज अख्ख्या घरातून पुढं चालू व्हायचा.

घर बघायला हट्ट्याहून माझी आई आली. बसस्टँडवरून मी तिला घेऊन आले. ती सोफ्याच्या कडेवर अवघडून बसली आणि चारी बाजूंना बघत राहिली. दार आहे, खिडक्या आहेत, पण स्वयंपाकघर कुठं सुरू होतं ते तिला सापडेना. जेवणाची वेळ झाली तसे मामंजी चुळबुळायला लागले. विहीणबाईंच्या समोर चुलीपाशी बसायचं म्हणजे त्यांनाही जड जात होतं. ते उठून परसात निघालेले बघून मी म्हणाले, "मामंजी, परातीत पीठ काढून ठेवलंय."

ते वळले. मग येऊन खांबाला टेकून बसले, पागोटं नीट केलं, आणि पिठात पाणी घातलं.

आईनं पदर तोंडाशी धरला तो भाकरी फुगेपर्यंत काढला नाही. तिला हसू येतंय की धक्का बसलाय ते मला ओट्याशी उभं राहून कळेना. जेवताना मात्र तिनं दुसरी भाकरी मागून घेतली.

"जरा जाड हाय," ती माझ्याकडं बघून म्हणाली, मामंजींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "पण गोड लागती."

"मेंढक्याची भाकर हाय, विहीणबाई," मामंजी ताटात बघत म्हणाले. "तिला दात लागतेत."

आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

जाताना एसटीत बसल्यावर खिडकीतून वाकून तिनं मला सांगितलं, "तुझ्या बाबाला सांगते बघ आता." काही दिवसांनी एका संध्याकाळी तिचा फोन आला. मी ओट्याशी उभी, फोन खांद्यानं कानाशी धरलेला.

"सांगितलं का बाबांना?" मी विचारलं.

"सगळं सांगितलं. व्याही भाकरी करतेत, चांगल्या करतेत, सगळ्यांदेखत करतेत."

"मग काय म्हणाले?"

"सगळं ऐकून घेतलं. बरं म्हणाले. आन् मग म्हणाले, पाणी आण."

आम्ही मायलेकी दोन्हीकडं हसत सुटलो, थांबताच येईना. फोन ठेवल्यावर मागून मामंजींनी विचारलं, काय झालं म्हणून. मी या वेळी वळून त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातली भाकरी फिरवत नीट ऐकलं.

"मग आनलं का विहीणबाईंनी पाणी?"

"आणलं की."

"हां," ते म्हणाले, आणि भाकरी तव्यावर टाकली.